घड्याळाच्या आधी हात मोजा: वयोगटाच्या स्पर्धांसाठी मुलांना पोहायला शिकवताना

वयोगटाच्या स्पर्धांसाठी मुलांचा संघ हाती घेतलात की पहिल्याच आठवड्यात पालक कठड्यापाशी येऊन विचारतात, "ताई, टाइम किती आला?" प्रश्न रास्त आहे, शेवटी स्पर्धेत टाइमच बघतात. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाचा टाइम कमी झाला तर त्यात शिकवण्याचा भाग किती आणि वाढत्या हाडांचा किती, हे नुसत्या स्टॉपवॉचवरून कळत नाही. सहा महिन्यांत दोन इंच वाढलेलं मूल काही नवं न शिकताही वेगात जातं. ज्याची उंची अजून वाढायची आहे ते मूल मन लावून शिकूनही मागेच दिसतं. कोचला हा फरक ओळखता आला नाही तर पहिल्याला डोक्यावर घेतलं जातं, दुसरं शेवटच्या लेनमध्ये विसरलं जातं, आणि चार वर्षांनी दोघंही पोहणं सोडून गेलेली असतात.

म्हणून माझ्याकडे टाइमच्या आधी हात मोजतात. एका लॅपला किती हात मारले, भिंतीवरून ढकलल्यावर किती लांब गेलो, टर्नला कुठे अडखळलो. हे मुलाला स्वतःला बदलता येतं, आज, याच लॅपमध्ये. उंची त्याच्या हातात नाही.

मी वडोदऱ्याची, घर दांडिया बाजारात. मुलं रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा, कारेलीबाग अशी कुठून कुठून येतात. मराठी पोरं मला ताई म्हणतात, गुजराती पोरं बेन. आमचा तलाव २५ मीटरचा, उघड्यावरचा, पाणी गरम करायची सोय नाही. पुढचं सगळं अशाच तलावाच्या हिशोबाने लिहिते आहे, कारण बहुतेक नव्या कोचच्या वाट्याला असाच तलाव येतो. विश्वामित्रीत मगरी असल्यामुळे आमच्याकडे नदीत पोहून तयार झालेलं मूल येतच नाही. प्रत्येकाची पाण्याशी पहिली ओळख तलावातच होते, आणि ती नीट झाली आहे ना हे बघूनच संघात घ्यायचं असतं.

संघात कुणाला घ्यायचं

टाइम बघून घेऊ नका. मूल न थांबता २०० मीटर पोहतं का, खोल पाण्यात हातपाय हलवत दोन मिनिटं डोकं वर ठेवून राहतं का, आणि चेहरा पाण्यात असताना सावकाश श्वास सोडतं का, एवढं पाहा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जे मूल पाण्यात श्वास धरून ठेवतं ते वर आल्यावर आधी सोडतं, मग घेतं, आणि त्या गडबडीत त्याची मान उचलली जाते, कंबर बुडते. पुढच्या निम्म्या दुरुस्त्या इथूनच निघतात. अशा मुलाला महिनाभर फक्त बुडबुडे आणि कडेने श्वास यावर ठेवा. घाई केलीत तर तीच खोड बाराव्या वर्षीही काढत बसाल.

दमा, फिट, हृदयाचा काही त्रास, कानाचा पडदा, सगळं लिहून घ्या आणि डॉक्टरांचा दाखला घ्या. इन्हेलर वापरणाऱ्या मुलाचा इन्हेलर काठावर हाताशी हवा. बदलायच्या खोलीत बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. जीवरक्षक वेगळा माणूस हवा. तुम्ही सेट देत असताना एका लेनकडे बघत असता, त्या वेळी बाकीच्या लेनकडे बघणारं कुणीतरी पाहिजे. काठावर मोठी माणसं नेहमी दोन, म्हणजे एकटं मूल आणि एकटा कोच असं कधीच घडत नाही. मुलाचा हात धरून स्ट्रोक दाखवायचा असेल तर आधी सांगा, "आता तुझं कोपर धरते." पावसाळ्यात पाणी गढूळ झालं आणि खोल बाजूच्या तळाची काळी रेघ काठावरून दिसेना, की त्या दिवशी पाण्यात कुणीही नाही. वीज कडाडली की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच.

पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज मुलं तुमची पाठ वळली की लावतात. पहिल्याच दिवशी बंद करा, आणि का ते समजावून सांगा. पाण्यात जाण्याआधी भराभर श्वास घेतले की अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळे. ती ओढ उशिरा लागते, तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध होतं. धडपड नाही, आवाज नाही. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे होतं. असं कारण सांगितलं की मुलं ऐकतात, नुसतं ओरडून ऐकत नाहीत.

ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या सुटायच्या चौथऱ्यावरून, उडी शिकवण्याआधी तलावाची खोली स्वतः मोजा. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ब्लॉकखाली किमान १.३५ मीटर पाणी हवं, आणि तेवढी खोली भिंतीपासून १ मीटरवरून ६ मीटरपर्यंत असायला हवी. आमच्याकडे उथळ बाजूलाही ब्लॉक आहेत. तिथून उडी मारायला मी कुणालाच देत नाही, सतरा वर्षांच्या मुलालाही नाही.

हात कसे मोजायचे

उजवा हात पाण्यात गेला की एक, डावा गेला की दोन. आठ वर्षांच्या मुलालाही हे एका दिवसात जमतं. सुरुवातीला पोहता पोहता गणती चुकते, मग मूल वैतागतं. चुकू द्या. आठवडाभरात बसते.

आमचा नेहमीचा सेट: ५० चे आठ, सव्वा मिनिटावर, फ्रीस्टाइल. म्हणजे ५० मीटर आठ वेळा, दर सव्वा मिनिटाने सुटायचं. ४५ सेकंदांत आलात तर अर्धा मिनिट विश्रांती, ६० मध्ये आलात तर पंधरा सेकंद. प्रत्येक ५० नंतर मूल दोन आकडे सांगतं, हात आणि सेकंद, आणि त्यांची बेरीज. बेरीज खाली आणायची, एवढाच खेळ.

बारा वर्षांच्या एका मुलीचा हा सेट मी वहीत जसाच्या तसा उतरवला होता. पहिले ५० मीटर: ४६ हात, ४२ सेकंद, बेरीज ८८. मी बघत होते तो तिचा उजवा हात. तो खांद्यासमोर पडायच्या ऐवजी नाकासमोर पडत होता, त्यामुळे दर हाताला कंबर डावीकडे झुलत होती. पण एका वेळी एकच गोष्ट सांगायची, म्हणून आधी भिंतीबद्दल आणि तिच्यापासून ५ मीटरवर पाण्याच्या वर टांगलेल्या झेंड्यांबद्दल बोलले: "ढकलल्यावर झेंड्यांखाली येईपर्यंत हात सोडायचे नाहीत." दुसऱ्याला ४१ हात, ४२ सेकंद, ८३. तेवढाच वेळ, पाच हात वाचले. तिसऱ्याला तिने स्वतःच्या डोक्याने आणखी हात वाचवायला बघितलं. दर हातानंतर पुढचा हात लांब करून नुसती पडून राहिली: ३६ हात, ४९ सेकंद, ८५. हात कमी झाले पण गाडी दर वेळी थांबून पुन्हा सुरू होत होती. तिने आकडा सांगितला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हे नाही चालत ना?" तिचं तिलाच कळलं होतं. मग मुठी बंद करून २५ मीटर पोहायला सांगितलं. मूठ बंद असली की तळव्याने पाणी ढकलता येत नाही, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वापरावाच लागतो, आणि कोपर आपोआप वर राहतं. परत येताना मुठी उघडल्या तेव्हा हात खांद्यासमोर पडत होता. पुढचे ५०: ४० हात, ४१ सेकंद, ८१.

ही पोर त्या दिवशी जेवढं शिकली तेवढं मी तिला "फास्ट, फास्ट" ओरडून महिनाभरात शिकवू शकले नसते. हात वाढले आणि टाइम तोच राहिला, की मूल नुसतं पाणी फेटतं आहे. हात कमी झाले पण सेकंद वाढले, की ते वाटेत थांबतं आहे. दोन्ही थोडे थोडे उतरले, की शिकतं आहे. पालकांनाही ही बेरीज दाखवा. पुढच्या महिन्यापासून "टाइम किती?" ऐवजी "बेरीज किती?" विचारू लागतात, आणि तुमचं अर्धं काम सोपं होतं.

ब्रेस्टमध्ये (ब्रेस्टस्ट्रोक) आणि फ्लायमध्ये (बटरफ्लाय) हात कमी म्हणजे चांगलं, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे, म्हणून तिथे मी बेरजेपेक्षा आकार बघते. लहान मुलांना फ्लाय २५ मीटरच्या वर देत नाही. कंबर बुडून हात ओढले जायला लागले की तिथेच थांबवायचं, कारण थकलेल्या फ्लायमध्ये मूल वाईट फ्लायचाच सराव करत असतं.

भिंत

२५ मीटरच्या तलावात १०० मीटर फ्री म्हणजे एक स्टार्ट आणि तीन टर्न. चारही वेळा मूल नुसतं ताणून पाच मीटर गेलं तर १०० पैकी २० मीटर एकही हात न मारता झाले. दमलेल्या, कमी ताकदीच्या, छोट्या चणीच्या मुलालाही हे २० मीटर मिळवता येतात. म्हणून माझ्या प्रॅक्टिसचा सगळ्यात जास्त वेळ भिंतीवर जातो, आणि तुमचाही जावा असं मी आग्रहाने सांगेन.

ढकलतानाचं शरीर असं: एका तळव्यावर दुसरा तळवा, वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताभोवती अडकवलेला, कानांच्या मागे दंड, नजर तळाकडे. मुलं नजर पुढे ठेवतात, त्याने कपाळ पाण्याला अडतं. फ्रीमध्ये भिंत सोडताना उताणं सोडलं तरी चालतं. लाथा मारता मारता पालथं व्हायला शिकवा, पालथं होण्यासाठी भिंतीवर वेळ घालवू नका. फ्री, बॅक (बॅकस्ट्रोक) आणि फ्लायमध्ये स्टार्ट आणि टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यायला हवं. पण आपल्या मुलांना हा नियम मोडायचा प्रश्न फार उशिरा येतो, आधी पाच मीटर तरी जाऊ द्या.

फ्लिप टर्नसाठी तळाची रेघ वापरा. ती भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या पट्टीने संपते. पट्टीच्या वर डोकं आलं की शेवटचा हात, मग कोलांटी. टर्नच्या आधीच्या दोन हातांत आणि ढकलल्यानंतरच्या पहिल्या हातात श्वास नाही. हे सांगून होत नाही, सवयीनेच होतं, म्हणून वॉर्म-अपच्या सावकाश लॅपमध्येही सूट देऊ नका.

बॅकला वर लावलेले झेंडे भिंतीपासून ५ मीटरवर असतात. झेंड्यापासून भिंतीपर्यंत आपले हात किती, हा आकडा प्रत्येक मुलाला आपल्या नावासारखा पाठ हवा. आणि तो दर महिन्याला पुन्हा मोजायचा. उंची वाढली की पाचाचे चार होतात, आणि जुन्या आकड्यावर भरवसा ठेवणाऱ्याचं डोकं भिंतीवर आपटतं. परगावच्या तलावात झेंडे नीट लावले आहेत का हेही वॉर्म-अपमध्येच तपासून घ्या.

शेवटचा स्पर्श वेगळा शिकवावा लागतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर फ्लायचं ब्रॉन्झ मिळवलं. २०१८ ला जकार्त्यात ५० मीटर फ्रीमध्ये तो चौथा आला, ब्रॉन्झ एका शतांश सेकंदाने हुकलं. एवढ्या वरच्या पातळीवर एक शतांश म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून मी दोघांना शेजारच्या लेनमध्ये १५ मीटर सोडते आणि बाकीच्यांना स्पर्श बघायला बसवते. डोकं वर करून भिंत शोधणारा हरतो, चेहरा पाण्यात ठेवून बोटं लांब करणारा जिंकतो. दोन-तीन फेऱ्यांत सगळ्यांना कळतं.

बाद होण्याची कारणं

मूल बाद झालं की घरी जाताना गाडीत रडतं, आणि बहुतेक वेळा कारण कोचने न शिकवलेलंच असतं. ब्रेस्ट आणि फ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. एक वर एक खाली चालेल, एक आधी एक नंतर चालणार नाही. ब्रेस्टमध्ये पायाची कात्री चालत नाही, पाऊल बाहेर वळलेलं हवं. स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली फ्लायची एकच लाथ मारता येते, आणि हात कमरेच्या मागे फक्त त्याच पहिल्या ओढीत जाऊ शकतात. बॅकमध्ये टर्नसाठी पालथं झालं की एक सलग ओढ आणि लगेच कोलांटी, तिथे नुसतं घसरत भिंतीपर्यंत जायचं नाही. बॅकचा शेवट पाठीवरच. शिट्टी-भोंग्याच्या आधी निघालं तर दुसरी संधी नसते. वैयक्तिक मेडलेचा क्रम फ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. मेडले रिलेचा क्रम बॅक, ब्रेस्ट, फ्लाय, फ्री. लहान मुलं या दोन्हींत हमखास गोंधळतात. रिलेत आधीच्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पुढच्याच्या पायाची बोटं ब्लॉकवर हवीत.

दर शनिवारी एक मोठा मुलगा किंवा मुलगी रेफरी होऊन काठावर उभी राहते आणि लहानांच्या चुका पकडते. पकडणाऱ्याचा स्वतःचा टर्न त्याने जास्त सुधारतो.

किती पोहायचं

याबाबतीत फार काथ्याकूट नको. दहाच्या आतल्यांना आठवड्याला तीन दिवस, पाऊण ते एक तास. अकरा-बाराच्यांना चार-पाच दिवस, दोन ते तीन किलोमीटर. तेरानंतर पाच-सहा दिवस आणि चार किलोमीटरपर्यंत, तेही शाळा आणि झोप सांभाळून. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत क्लासचा गृहपाठ करणाऱ्या मुलाला पहाटे पाचला उठवून काही मिळत नाही, त्याला संध्याकाळी बोलवा.

मोठ्यांचा वेग ठरवायला एक सोपा हिशोब आहे. एके दिवशी ४०० मीटर जोरात पोहायला लावा, चांगल्या विश्रांतीनंतर २०० मीटर. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. समजा ४०० ला ६ मिनिटं ४० सेकंद आणि २०० ला ३ मिनिटं १० सेकंद लागले. उरले साडेतीन मिनिटं, त्याचे निम्मे पावणेदोन. हा त्या मुलाचा दमसासाचा १०० मीटरचा वेग. मग १०० चे आठ, दोन मिनिटांवर, प्रत्येक पावणेदोन मिनिटांतच यायचा. पहिला दीड मिनिटात आणि शेवटचा दोनला टेकणारा, असं करणाऱ्याला सेट जमला नाही असं समजा, कितीही दमला असला तरी.

एका लेनमध्ये सहा मुलं असतील तर पाच-पाच सेकंदांच्या अंतराने सोडा आणि भिंतीवरचं सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ वाचायला आधी शिकवा. स्वतःचं सुटणं मुलं स्वतः सांभाळू लागली की तुम्ही पाण्याकडे बघायला मोकळे होता.

जमिनीवरच्या व्यायामासाठी महागडं काही लागत नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आणि व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या गावात सूर्यनमस्कार, जोर-बैठका आणि दोरीच्या उड्या शिकवायला लाजायचं कशाला? खांद्याचे जोर नीट केले तर पोहणाऱ्याला उत्तम. पाठ खचू देऊ नका आणि आकड्यांची चढाओढ लावू नका.

वाढत्या वयाची मुलं

आमच्या सामानाच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर तीन महिन्यांनी उंची. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलग्यांची तेरा-चौदाव्या. त्या काळात हातपाय लांब होतात आणि त्यांच्यावरचा ताबा मागून येतो. काल जमणारा टर्न आज फसतो, टाइम महिनोन् महिने हलत नाही. रेघ बघितली की तुम्हाला कारण कळतं आणि मुलाला सांगता येतं: "तू वाढतो आहेस, हात मोजत राहा, टाइम मागून येईल." या काळात पॅडल (तळव्याला बांधायच्या पट्ट्या) काढून घ्या. खांदा दुखतो म्हणाला की सेट थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर ब्रेस्टच्या लाथा आणि उड्या कमी करा.

लवकर वाढलेला बारा वर्षांचा मुलगा ५० मीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकतो. त्याला २०० मेडले आणि ४०० फ्री पोहायला लावा, तिथे नुसती ताकद पुरत नाही आणि त्याला शिकावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला त्याची वही दाखवत राहा. माझ्याकडच्या एका मुलाची बेरीज दोन वर्षं सतत उतरत होती आणि तरी तो अंतिम फेरीत येत नव्हता. वडील काढून न्यायला आले तेव्हा मी वही पुढे ठेवली आणि चौकटीवरची रेघ दाखवली. ते थांबले. चौदा वर्षांपर्यंत कुणालाही एका स्ट्रोकला बांधू नका, हे दोघांनाही लागू.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीची जबाबदारी आहे. पाळी सुरू झाली की पुष्कळ मुली न सांगता येणं बंद करतात. संघात एक तरी बाई असावी जिला मुलगी मोकळेपणाने सांगू शकेल, आणि त्या दिवशी पोहायचं की जमिनीवरचा व्यायाम करायचा हे मुलीने ठरवावं, सगळ्यांदेखत कारण न देता. वजनावर बोलणं माझ्या काठावर बंद आहे, पालकांनाही. "मुलगी मोठी झाली, आता पुरे" म्हणणाऱ्या आई-आजीला मी अहमदाबादच्या माना पटेलचं नाव सांगते. २०२१ मध्ये टोकियोला ती १०० मीटर बॅक पोहली, आणि ती याच गुजरातची मुलगी आहे.

वडोदऱ्याचं वर्ष

सरावाचं वेळापत्रक सण बाजूला ठेवून करू नका, मुलं सणच निवडतील आणि त्यांचं बरोबर आहे. नवरात्रात नऊ रात्री गरबा असतो, पोरं मध्यरात्रीपर्यंत नाचतात. पहाटेची प्रॅक्टिस मी तेव्हा बंदच ठेवते, संध्याकाळी लवकर अर्धा तास टर्न आणि लाथांचं काम. उत्तरायणाला दोन दिवस गच्चीवर पतंग, मांजाने बोटं कापलेली, खांदे दुखलेले. जखम उघडी असेल तोवर पाण्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत आमचं पाणी गारठतं. ओठ निळे पडले की मूल बाहेर, टॉवेल, कोरडे कपडे, मग जमिनीवरचा व्यायाम. मे महिन्यात उलट: ऊन बेचाळीस अंशांपर्यंत जातं आणि पाणी कोमट होतं. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ अंश असायला हवं, त्याच्या बरंच वर गेलेल्या पाण्यात जोराचे सेट देऊ नका. पाण्यातही घाम येतो, प्रत्येकाच्या लेनच्या टोकाला पाण्याची बाटली हवीच.

स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री सेव-उसळ नाही, हे सांगावं लागतं. सकाळी रेसच्या दोन-तीन तास आधी मेतकूट-भात किंवा पोहे, दोन रेसच्या मधे केळं, खाखरा, थेपला. नवीन काही त्या दिवशी खायचं नाही, नवा गॉगलही घालायचा नाही.

२०२५ मध्ये अहमदाबादला आशियाई जलतरण अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा मुलांना मी रेसपेक्षा वॉर्म-अप नीट बघायला सांगितलं होतं. इतकी मोठी माणसं किती वेळ आणि किती सावकाश पोहतात, हे बघून आमच्या पोरांचा वॉर्म-अपमध्ये शर्यत लावण्याचा सोस बराच कमी झाला.

रेसच्या आधी मुलाला एकच गोष्ट सांगा, आणि ती त्याला जमणारी असावी: "झेंड्यापर्यंत ताणून राहा." रेसनंतर ते आधी सावकाश पोहून श्वास लावतं, मग माझ्याकडे येतं, मग आईबाबांकडे. मी पहिल्यांदा विचारते, "तुला काय वाटलं?" आणि ते बोलेपर्यंत गप्प बसते. पालकांना प्रेक्षागृहात रिकामं बसवू नका, टाइम घ्यायला आणि हात मोजायला शिकवून कामाला लावा. स्टॉपवॉच हातात असलेला बाप ओरडत नाही.

दहावीचं वर्ष सगळ्यात जास्त मुलं घेऊन जातं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते, आणि दिवाळीपासूनच घरात "आता पोहणं बंद" सुरू होतं. पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्याला तीन दिवस पाऊण तास मागून घ्या: ४०० मीटर सावकाश, २५ चे आठ मुठी आणि हात मोजून, ५० चे सहा मध्यम वेगाने, भिंतीवरून १५ मीटरचे चार जोरात, शेवटी २०० सावकाश. सव्वा किलोमीटरही होत नाही, पण पाण्याची सवय मोडत नाही आणि अभ्यासाला बसलेल्या पाठीलाही बरं वाटतं. हे तीन वार जूनमध्ये शाळा सुरू होतानाच घरच्यांशी बोलून ठरवा. दिवाळीनंतर बोलायला गेलात तर तोवर क्लासची फी भरून झालेली असते आणि संध्याकाळ हातची गेलेली असते.